हॉर्नकडे पाठ

(ओमान, १९९७ चा डिसेंबर, गुरुवारची दुपार. तानाजी डोंगराच्या माथ्यावर टॉवरच्या खोलीत, बेंजामिन पायथ्याशी जीपमध्ये. सगळं बोलणं वॉकीटॉकीवरचं.)

तानाजी : ...आणि खांब गुणगुणायला लागलाय. मधमाश्यांचं पोळं असावं तसा. ओव्हर.

बेंजामिन : कुठला खांब?

तानाजी : टॉवर रे. दुसरा कुठला खांब आहे इथं? हात जवळ नेला की हातावरचे केस उभे राहतात.

बेंजामिन : मग हात कशाला नेतोस जवळ? तानाजी, खोलीतून बाहेर पड. आत्ताच्या आत्ता. ओव्हर.

तानाजी : बाहेर ढग आहे. दार उघडलं तर दाराची कडी दिसत नाय. बॅटऱ्या बसवून झाल्या, दोन नट आवळायचे राहिलेत. ते आवळतो, ढग जाऊ देतो, मग उतरतो.

बेंजामिन : नट राहू दे, खलास. इकडे खाली गडगडायला लागलंय. तू पत्र्याच्या खोलीत लोखंडाच्या टॉवरला टेकून बसलायस, माहितीय ना? जितेशने काय सांगितलं होतं जाताना? टॉवर बोलायला लागला की टॉवर सोडायचा.

तानाजी : जितेश गावी जाऊन बोहल्यावर उभा राहिलाय आणि त्याची ड्युटी मी करतोय. त्याचं काय जातं सांगायला?

बेंजामिन : तानाजी.

तानाजी : निघालो, निघालो. पिशवी नि काठी घेतोय. तो पाण्याचा कॅन इथंच राहू दे.

बेंजामिन : राहू दे सगळं. बाहेर आलास?

तानाजी : आलो. अरे देवा. काय नाय दिसत, बेंजामिन. नुसतं पांढरं. सकाळी वाटाड्या मुनीरबरोबर आलो तेव्हा दगडांच्या खुणा होत्या, दगडावर दगड ठेवलेले. आता एक दिसत नाय.

बेंजामिन : टॉवरपासून लांब जा आधी. पन्नासेक पावलं. खाली बस जरा. मुनीर इथे नाही, नाहीतर त्यालाच विचारलं असतं. गाढव घेऊन परत निघाला तुला आणायला. पण त्याला मागून वळसा घालून यायचं, त्याला वेळ लागणार. ओव्हर.

तानाजी : तू प्रत्येक वेळी ओव्हर कशाला म्हणतोस? दोघंच तर आहोत.

बेंजामिन : रूल आहे. आपला अर्बाब, मालक, ऐकत नसला तरी रूल रूल असतो.

तानाजी : वसईवाला कुठला. बरं ऐक, बसलो. वीज चमकली आत्ता, सगळा ढग जांभळा झाला. इथं बसून राहण्यात अर्थ नाय. मी उतरतो.

बेंजामिन : कसा उतरशील? वाट दिसत नाही म्हणालास.

तानाजी : डोंगर मला शिकवू नको, केळीवाल्या. आमचं गाव घाटाखाली आहे. लहानपणी म्हशी शोधायला डोंगरमाथ्याच्या सड्यावर जायचो, आषाढात, असल्याच ढगात. माझा बाप सांगायचा, ढगात सापडलास तर डोळे मीट आणि वारा बघ. वारा येतो समुद्राकडून. कडा असतो समुद्राच्या बाजूला. वारा पाठीवर घ्यायचा नि चालायचं, की माणूस आतल्या बाजूला, सपाटीला जातो. कड्याकडं पाठ होते. एकदापण चुकलो नाय.

बेंजामिन : आता वारा आहे?

तानाजी : आहे की. चांगला गार. समुद्राकडचाच, ओला लागतोय.

बेंजामिन : बरं. मग एक करू. मी हॉर्न देतो. वाऱ्याचा हिशोब आणि हॉर्न, दोन्ही जुळलं तर चाल. ऐक. आला?

तानाजी : परत दे.

बेंजामिन : देतोय. आला?

तानाजी : आला! बारीक, पण आला. समोरूनच. वारा पाठीवर, हॉर्न समोर. बघ, म्हाताऱ्याचं खरं निघालं. निघालो मी.

बेंजामिन : सावकाश. पाय टाकायच्या आधी काठी टेकव. मी वाजवत राहतो. यल्ला, चल.

तानाजी : सेट खांद्याला अडकवलाय. बोलत राहा काय तरी. तिकडं कसं आहे?

बेंजामिन : इकडे? तीन शेळ्या जीपखाली येऊन बसल्यात. गावातल्या बाईने एकदा दारातून बघितलं आणि दार लावून घेतलं. समोर तुझा डोंगर. सकाळी वरचा काठ दिसत होता, दातेच्या दाते. म्हणूनच याला फणी म्हणतात ना आपले लोक? आता दाते नाहीत. नुसती भिंत सरळ वर जाते आणि ढगात शिरते. मला तिच्याकडे बघायला बरं नाही वाटत.

तानाजी : मग नको बघू. हॉर्न मोठा झाला बघ आता.

बेंजामिन : छान. तुझा आवाजपण स्वच्छ येतोय. एरवी नुसती खरखर. आता शेजारच्या सीटवर बसून बोलतोयस असं वाटतं.

तानाजी : तुझापण. इथं दगड कसले आहेत रे. धारेचे. मध्ये चिरा, पाय जाईल एवढ्या. सकाळी असले नव्हते. का बोलण्याच्या नादात बघितले नसतील.

बेंजामिन : उतार लागला का?

तानाजी : अजून नाय. उलट थोडी चढण आहे. लागेल आता. मध्ये उंचवटा असतो एखादा.

बेंजामिन : शेळ्यांच्या लेंड्या दिसतात का? मुनीर म्हणत होता, त्याच्या शेळ्या त्या वाटेने टॉवरपर्यंत जातात.

तानाजी : नाय. स्वच्छ आहे. गवतपण नाय. बेंजामिन, रेवाचा फोन आलेला का काल?

बेंजामिन : मीच केला होता घरी, निझवाहून. तुझी पोर मजेत आहे. म्हणजे... मजेत आहे. नंतर सांगतो. तू पायाकडे बघ.

तानाजी : काय झालं?

बेंजामिन : काही नाही झालं. आमच्या सबीनाशी वाजलंय तिचं. नंतर सांगतो म्हटलं ना.

तानाजी : हं. आता वारापण गंमत करतोय. पाठीवर होताच, आता खालनंपण यायला लागला. तोंडावर. शर्टात शिरतोय. अरे थांब. पायाखालचा दगड हलला. गेला एक घरंगळत. मी ठीक आहे. बसलो खाली. काठी हातात आहे.

बेंजामिन : लागलं का?

तानाजी : नाय नाय. दगड गेला नुसता, नारळाएवढा. हॉर्न का थांबवलास? दे की. आता अगदी जवळ आलोय. पायाखालीच वाजतोय असं वाटतं.

बेंजामिन : थांब. बोलू नको.

तानाजी : काय?

बेंजामिन : इथे काहीतरी पडलं. भिंतीच्या बुडाशी. शेळ्या पळाल्या.

तानाजी : काय पडलं?

बेंजामिन : दगड होता. फुटला. तानाजी, तुझा दगड घरंगळला म्हणालास, तो थांबल्याचा आवाज आला तुला?

तानाजी : नाय आला.

बेंजामिन : इथे आला. हलू नको. ऐकतोयस? जिथे आहेस तिथे बस. पाय पुढे करू नको, काठी पुढे करू नको.

तानाजी : तो माझाच कशावरून?

बेंजामिन : सकाळपासून या भिंतीवरून एक खडा पडला नाही. तुझा दगड गेला आणि दगड आला. जीझस. जीझस, मेरी. मीच बोलवत होतो तुला. हॉर्न देऊन देऊन बोलवत होतो.

तानाजी : पण वारा पाठीवर होता.

बेंजामिन : वारा गेला खड्ड्यात. नीट ऐक. तुझ्या घाटाचं मला माहीत नाही, पण मी सकाळपासून या डोंगरासमोर बसलोय. मी बसलोय ती आतली बाजू. समुद्र डोंगराच्या पलीकडे आहे. भिंत माझ्याकडे आहे, समुद्राकडे नाही. मुनीर तुला इथून नाही घेऊन गेला, लांब वळसा घालून मागे गेला आणि मागून चढवलं. आठव.

तानाजी : आठवलं. पडवी.

बेंजामिन : काय?

तानाजी : पडवीचं छप्पर. एका अंगाला उतार, दुसऱ्या अंगाला भिंत. आमचा घाट पण तसाच. फक्त इथं घर उलटं बांधलंय. उतार समुद्राकडं. मी छपरावरनं भिंतीकडं चालत आलो.

बेंजामिन : कळलं ना? मग आता मागे फिर. बसल्या बसल्या, हातावर. हळू.

तानाजी : थांब जरा. ढग फाटतोय.

बेंजामिन : फाटू दे. तू मागे हो.

तानाजी : जीप दिसली. तुझे दिवे लागलेत. काडेपेटीएवढी आहे. आणि मध्ये काय नाय, बेंजामिन. माझे बूट आणि तुझी जीप. मध्ये काय नाय. एक पक्षी फिरतोय, त्याची पाठ दिसते मला.

बेंजामिन : बघू नको खाली.

तानाजी : चक्कर नाय येत. शांत आहे इथं. गडगडाट मागं राहिला. जरा बसतो.

बेंजामिन : बसू नको. आधी म्हटलं बस, आता म्हणतो ऊठ. म्हणजे उठू नको, मागे सरक. वीज आहे डोक्यावर.

तानाजी : तू म्हणालास ना आवाज स्वच्छ येतोय. सुगंधाचा आवाजपण शेवटी असाच स्वच्छ झाला होता. तीन आठवडे हॉस्पिटलात नुसतं पुटपुटणं. मग त्या दिवशी सकाळी नीट बोलली. उशी सरळ कर म्हणाली. रेवाचा डबा कोण करतं विचारलं. मला वाटलं सुधारली. मी नर्सला सांगत सुटलो. खाली जाऊन चहा घेऊन आलो, तिच्यासाठीपण घेतला.

बेंजामिन : माहितीय मला. मी होतो तिथे.

तानाजी : तू होतास. तो चहा तूच घेतलास माझ्या हातातनं.

बेंजामिन : हो. तानाजी, मागे सरक.

तानाजी : जुलैपासनं मी असा कुठं बसलोच नाय. कॅम्पवर माणसं, घरी रेवा. सगळीकडं कोणतरी बघत असतं, हा रडतोय का जेवतोय. इथं कोण नाय. ढग परत येतोय. जीप गेली.

बेंजामिन : मी आहे ना. गेलो नाही मी. ऐक, रेवाचं काय झालं ते सांगू का?

तानाजी : सांग.

बेंजामिन : तू सोमवारी निघालास. तेव्हापासून तिने केसांना हात लावू दिला नाही. सबीना फणी घेऊन मागे, ही पुढे. सबीनाला नाही, आमच्या ॲव्हरिलला नाही, कुणाला नाही. म्हणते बाबा वेणी घालतात. सबीना म्हणाली, अगं तुझ्या बाबांच्या वेण्या वाकड्या असतात, शाळेत टीचर हसतात. तर म्हणते वाकड्याच पाहिजेत.

तानाजी : डावी वाकडी होते. उजवी बरी होते.

बेंजामिन : काल फोनवर सबीना रडकुंडीला आलेली. मागे नुसता गुंता झालाय म्हणे, फणी शिरत नाही. शनिवारी शाळा. उद्या कुरुमला पार्लरमध्ये नेते आणि मानेपर्यंत कापून टाकते म्हणाली.

तानाजी : कापायचे नायत.

बेंजामिन : मी काय सांगणार? तिचं बरोबर आहे. उवा होतील.

तानाजी : कापायचे नायत म्हणून सांग तुझ्या बायकोला. सुगंधाने जावळानंतर कधी कात्री लावली नाय त्या केसांना. गुंता काय, तेल लावायचं, टोकाकडनं सुरुवात करायची. मुळाकडनं ओढलं तर रडणारच पोर. सांग सबीनाला, टोकाकडनं.

बेंजामिन : मी नाही सांगणार. अल हैलच्या घरचा फोन इथून लागत नाही. तू येऊन सांग.

तानाजी : लबाड आहेस.

बेंजामिन : आहेच. मागे सरकतोयस का?

तानाजी : सरकतोय. हातावर. दगडं बोचतात.

बेंजामिन : बोचू देत. अजून. अजून सरक. उभं राहण्याएवढी सपाट जागा लागली की सांग.

तानाजी : लागली. उभा आहे.

बेंजामिन : आता वारा तोंडावर घे. समुद्राकडचा, ओला. आणि मी हॉर्न देणार. तो पाठीमागे ठेवायचा. नीट ऐक, तानाजी, तुला वाटेल वळावं, जीपकडे यावं. वळायचं नाही. हॉर्न जितका बारीक होईल तितका तू बरोबर. मी इथे आहे म्हणून इकडे यायचं नाही.

तानाजी : उलटं शिकवतोस.

बेंजामिन : डोंगर उलटा आहे त्याला मी काय करू? हा वाजला. पाठीमागे आहे?

तानाजी : पाठीमागं आहे.

बेंजामिन : चाल. काठी टेकवत.

तानाजी : चालतोय. खांबाचा आवाज येतोय डाव्या हाताला. गुणगुण नाय आता, चरचर करतोय.

बेंजामिन : त्याच्यापासून लांब राहा. उजवीकडून जा. आणि आणखी एक. मागच्या उतारावर गेलास की सेट चालणार नाही. मध्ये डोंगर येतो. सकाळी पण आला नव्हता आवाज, माथ्यावर पोचलास तेव्हाच आला. घाबरू नको.

तानाजी : म्हणजे मी बरोबर गेलो की तुला काय ऐकू येणार नाय.

बेंजामिन : नाही येणार.

तानाजी : आणि चुकून कड्यावरनं गेलो तरी काय ऐकू येणार नाय.

बेंजामिन : असलं बोलू नको.

तानाजी : नाय, म्हटलं तुला कळणार कसं.

बेंजामिन : मुनीर तुला घेऊन डोंगराच्या कोपऱ्यावरून येईल, तेव्हा कळेल.

तानाजी : अंधार पडेल तोपर्यंत.

बेंजामिन : पडू दे. मला कुठे जायचंय?

तानाजी : उतार लागला. बेंजामिन, उतार लागला. बारीक आहे, पण आहे. पोटऱ्यांना कळतंय.

बेंजामिन : हॉर्न?

तानाजी : बारीक. मला वळावंसं वाटतंय रे. पाठीमागं कोण तरी हाक मारतंय आणि मी चाललोय असं वाटतंय.

बेंजामिन : मारू दे हाक. तू चाल. बडबड कर. लेंड्या दिसल्या का?

तानाजी : ...वाकून बघतो. ढग पार जमिनीपर्यंत... एक झुडूप आहे, खाल्लेलं... शेळीनंच...

बेंजामिन : तुटतोय आवाज. परत सांग. ओव्हर.

तानाजी : ...टोकाकडनं... सांग... तेल गरम नको, कोमट...

बेंजामिन : कोमट. कळलं. हॉर्न येतोय का? ओव्हर.

तानाजी : ...

बेंजामिन : तानाजी, हॉर्न येतोय का तुला? ओव्हर.

तानाजी : ...

बेंजामिन : बरं. छान. हेच पाहिजे होतं. आता सेट पिशवीत टाक आणि दोन्ही हात मोकळे ठेव. पाऊस आला इथे, मोठे मोठे थेंब. मी काच वर केलीय. ओव्हर.

तानाजी : ...

बेंजामिन : वीज पडली वर. टॉवरवरच पडली असणार, भिंत सगळी पांढरी झाली. तू नव्हतास तिथे. लांब गेला होतास तू तोपर्यंत, उतारावर होतास. मी हिशोब केला. ओव्हर.

तानाजी : ...

बेंजामिन : गावातली बाई दार उघडून ओरडतेय माझ्यावर. हॉर्नमुळे पोर उठलं असेल तिचं. उठू दे.

तानाजी : ...

बेंजामिन : तानाजी, एक दगड पडला आत्ता. लहान होता. पावसाने सुटला असेल. पावसाने सुटतात. लहानच होता.

तानाजी : ...

बेंजामिन : दिवे कमी करतोय, बॅटरी हॉर्नला ठेवतो. कोपऱ्यावर अजून कोणी नाही. तुला ऐकू येत नसेल तर बरंच आहे. मी वाजवतोच आहे.